वाद्य कुठून आलं ते विचारा: जगभरातलं मिसळलेलं संगीत शोधण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलात. आता जगातलं, वेगवेगळ्या शैली एकमेकींत मिसळलेलं नवं संगीत ऐकायचंय. अ‍ॅपवर ‘फ्यूजन’ किंवा ‘वर्ल्ड’ असं टाकलं की योगवर्गात लावतात तसलं काहीतरी येतं आणि चार दिवसांनी तेच ते फिरायला लागतं. मग शोधायचं कसं, आणि भाषा कळत नसताना ऐकायचं कसं?

मी पुण्यात गेली बावीस वर्षं दर महिन्याला एक श्रवणसभा घेतो. पंधरा-वीस माणसं, सतरंजी, दोन चांगले स्पीकर आणि दोन तास आपल्या ओळखीच्या हद्दीबाहेरचं संगीत. त्याआधी काही वर्षं रेडिओसाठी कार्यक्रम बांधले. तुमचा प्रश्न मला सभेत नव्यानं येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शैलीच्या नावानं शोधणं आधी थांबवा. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे संगीताचं नाव नाही, दुकानातल्या फळीचं नाव आहे. १९८७ च्या जूनमध्ये लंडनमधल्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. बल्गेरियातल्या बायकांचा गायनवृंद आणि पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातला, ‘कोरा’ नावाचं तंतुवाद्य वाजवणारा वादक यांच्या रेकॉर्ड दुकानदारानं नेमक्या कुठे ठेवायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्या बैठकीत हा शब्द ठरला. त्यांची अडचण खरी होती आणि शब्दानं त्यांचं काम केलंही. पण त्या फळीवरून गोष्टी शोधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही, कारण तिथल्या दोन शेजाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

अ‍ॅपचंही तसंच. अमुक ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, याच्या हिशेबावर ते बरंचसं चालतं. त्यामुळे जिथे आधीच गर्दी आहे तिकडेच ते तुम्हाला ढकलतं. झांझिबारमधल्या एखाद्या गायिकेचं गाणं ऐकणारे तुमच्या गावात तीनच असतील, तर तिच्यापर्यंत अ‍ॅप तुम्हाला नेणार नाही. अ‍ॅप ठेवा, पण ते कपाटासारखं वापरा. काय ऐकायचं ते ठरवून मग तिथे जा.

ठरवायचं कसं? माझं उत्तर एकच आहे: वाद्याच्या आणि माणसाच्या प्रवासाच्या मागे जा. जे संगीत खरोखर मिसळलेलं असतं, त्याच्या मागे कोणीतरी कुठूनतरी कुठेतरी गेलेलं असतं. बोटीतून, फौजेबरोबर, पोट भरायला किंवा जीव वाचवायला. ती वाट सापडली की पुढची दहा नावं आपोआप सापडतात.

इथिओपियाचं उदाहरण घेतो. आपल्या कानाला आत शिरायला याहून सोपं दार मला माहीत नाही. तिथल्या संगीतात किन्येत नावाच्या पाच सुरांच्या चौकटी आहेत आणि त्यातल्या चार मुख्य धरतात. त्यांपैकी एक तिझिता. तिचा एक प्रकार म्हणजे सा रे ग प ध. म्हणजे आपल्या भूपाचे सूर! दुसरी अंबासेल: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे गुणक्रीचे सूर. सभेत मी पहिल्यांदा तिझिता लावली तेव्हा दोन मिनिटांत मागून एक आजोबा हळूच म्हणाले, “अहो, हा भूपच की!” आणि पाचव्या मिनिटाला तेच म्हणाले, “नाही, हा भूप नाही.” दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. सूर तेच, पण चलन वेगळं. आपण ज्या स्वरावर विसावण्याची वाट पाहतो, तिथे तो गायक थांबतच नाही. भलतीकडेच थांबतो आणि तिथे आवाजाला बारीक कंप देतो. किशोरीताईंचा भूप कानात असलेल्या माणसाला हा फरक जितका लख्ख कळेल, तितका पाश्चात्त्य संगीतावर वाढलेल्याला कळणार नाही. तुमच्याकडे हे भांडवल आधीपासून आहे, ते वापरा.

आता यात मिसळलं काय? साठ-सत्तरच्या दशकातल्या, राजधानी अदिस अबाबाच्या रेकॉर्ड ऐकल्या की ट्रम्पेट, सॅक्सोफोनचे ताफेच्या ताफे ऐकू येतात. ते तिथे आले कुठून? १९२४ मध्ये रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, जेरुसलेमला गेले होते. तिथे त्यांनी आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्या चाळीस अनाथ मुलांचा बॅण्ड ऐकला. त्या मुलांना ते अदिसला घेऊन आले आणि त्यांचा शाही ब्रास बॅण्ड केला. त्यांचे संगीतशिक्षक केव्होर्क नाल्बंदियान यांनी इथिओपियाचं तेव्हाचं, सम्राटाच्या काळातलं राष्ट्रगीत बांधलं. पुढे त्यांच्या पुतण्यानं, नेर्सेस नाल्बंदियाननं, तिथल्या वाद्यवृंदांना घडवलं. म्हणजे त्या रेकॉर्डमध्ये जी पितळी वाद्यं वाजतात, त्यांच्या मुळाशी बेघर झालेली चाळीस मुलं आहेत. हे कळल्यावर तो आवाज मला वेगळाच ऐकू यायला लागला.

या मातीत मुलातू अस्तात्के येतो. जन्म १९४३, जिम्मा गावचा. घरच्यांनी वेल्सला पाठवलं ते इंजिनियरिंग शिकायला. तो संगीताकडे वळला, लंडनला शिकला, मग बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गेला आणि व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, हातात घेतलं. न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकोचे वादक घेऊन १९६६ मध्ये रेकॉर्ड केली. तिथले लॅटिन ठेके, जॅझची स्वरसंगती आणि स्वतःच्या गावच्या किन्येत हे सगळं त्यानं एकत्र बसवलं. त्यातली अडचण तुम्हाला लगेच कळेल: पाच सुरांच्या चालीखाली जॅझचे बाराही सूर वापरणारे कॉर्ड घातले की मूळ रंग पुसला जातो. आपल्याकडे रागदारीतल्या गाण्याला भरमसाठ कॉर्ड लावले की होतं तेच. मुलातूनं चाल पुढे मोकळी ठेवली आणि कॉर्ड तिच्यामागे जपून वापरले. १९७२ ची ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ ऐकताना हेच ऐका. सुरावटीला कुठेही धक्का लागलेला नाही.

१९७४ मध्ये राज्य उलथलं, लष्करी राजवट आली, संचारबंदीनं रात्रीचे क्लब मेले. या रेकॉर्ड जगाला पुन्हा सापडल्या त्या १९९७ पासून, फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच माणसानं ‘एथिओपीक’ नावाची मालिका काढायला सुरुवात केल्यावर. तिचा चौथा भाग मुलातूचा. सुरुवात तिथूनच करा.

पुढे जाताना मात्र सावध राहा. अशा मालिका करणाऱ्याला जे आवडलं आणि ज्याचे हक्क मिळाले तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. बाहेरच्या रसिकाला वाद्यसंगीत लवकर भावतं, म्हणून बाहेर मुलातू मोठा. पण खुद्द इथिओपियात माणसं ज्याच्यासाठी ढसाढसा रडली तो गायक तिलाहुन गेसेसे. २००९ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राजकीय इतमामात निरोप दिला गेला. म्हणून कुठल्याही देशाच्या संगीतात शिरलात की त्या देशातल्या एका माणसाला विचाराच, “तुमच्या आईला कोणाचं गाणं आवडतं?” आज इंटरनेटवर असा माणूस गाठणं अवघड नाही. या एका प्रश्नानं मला जेवढं दिलं तेवढं कुठल्याच यादीनं दिलेलं नाही.

याच वाटेवर आणखी एक माणूस भेटतो, हैलू मेर्गिया. वालियास बॅण्डचा कीबोर्डवादक. बॅण्डबरोबर अमेरिकेला गेला तो तिथेच राहिला आणि वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवू लागला. डिकीत छोटा कीबोर्ड ठेवायचा, आणि विमानतळावर गिऱ्हाइकाची वाट पाहताना मागच्या सीटवर बसून रियाज करायचा. १९८५ मध्ये त्यानं एकट्यानं अकॉर्डियन, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन एक कॅसेट केली होती. ती एका अमेरिकन संग्राहकाला इथिओपियात सापडली आणि २०१३ मध्ये पुन्हा निघाली. त्यानंतर हा माणूस पुन्हा जगभरच्या मंचांवर वाजवू लागला आणि २०१८ मध्ये त्याची नवी रेकॉर्ड आली. त्या कॅसेटमधलं अकॉर्डियन ऐका. त्यात ड्रम मशीनचा ठेका कोरडा, यंत्रासारखा चालतो आणि वरून अकॉर्डियन जुनी चाल अशी ओढतं, की आपल्याकडचा पायपेटीवरचा एखादा जुना गवई आठवावा.

आता बंदरांकडे येऊ. झांझिबारचं तारब म्हणजे स्वाहिली काव्य, ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं, इजिप्तच्या वाद्यवृंदासारखी व्हायोलिनं, आणि त्यात हिंदी सिनेमाच्या चाली. एवढं सगळं एका बेटावर आलं ते मोसमी वाऱ्यांमुळे. एका हंगामात गलबतं आफ्रिकेकडे जायची, वारा फिरला की परत यायची, आणि मधले महिने खलाशी नि व्यापारी तिथेच मुक्काम करायचे. या गोष्टीत आपल्या मुंबईचा वाटा आहे. सिती बिंत साद ही झांझिबारची गायिका, खेड्यातली, गरीब घरची. १९२८ मध्ये ती आपल्या साथीदारांसह समुद्रमार्गे मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी स्वाहिली गाणी गाऊन गेली. त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घरोघर, चहाच्या दुकानांत वाजल्या. पुढे मोंबासामध्ये जुमा भालोसारख्या गायकानं हिंदी चित्रपटांच्या चालींवर स्वाहिली शब्द बांधले, साथीला पेटी आणि तबला. त्याचं गाणं लावलं की सभेतले लोक एकमेकांकडे बघायला लागतात. चाल ओळखीची वाटते, भाषा नाही, आणि वजन कुठल्यातरी तिसऱ्याच ठिकाणी पडतं.

आपल्या किनाऱ्यावरची अशीच वाट गोव्याची. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत मुलं व्हायोलिन आणि नोटेशन शिकली, पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली, आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत पोचली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त काय करून ठेवलंय ते नुसतं आठवणीत ठेवू नका, हेडफोन लावून पुन्हा ऐका. मग ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोकणी गाणी ऐका. जगभर शोधायला निघालेल्या मराठी माणसानं एक दिवस इथेही द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी वाट सहाराची. तिच्यात एक अशी गोष्ट आहे जी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे तालुक्याच्या मोबाइल दुकानावर पाटी असायची: ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. नेमकं त्याच काळात माली आणि नायजरच्या वाळवंटी गावांत हेच चालू होतं. इंटरनेट नव्हतं, गाणी कार्डावरून कार्डावर आणि ब्लूटूथनं फोनमधून फोनमध्ये जायची. क्रिस्टोफर कर्कली नावाच्या अमेरिकनानं २०१० च्या सुमारास ती कार्डं गोळा केली, गाणारे शोधून काढले आणि ‘म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स’ या नावानं ती गाणी प्रसिद्ध केली. त्यातलाच एक म्हणजे नायजरचा डावखुरा गिटारवादक एमडू मोक्तार. पहिली गिटार त्यानं स्वतः बनवली होती, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून. आणि पहिलं मोठं ध्वनिमुद्रण केलं ते शेजारच्या नायजेरियातल्या सोकोतोमध्ये, तिथल्या हौसा भाषेतल्या गाण्यांत चालतो तसा आवाज ऑटोट्यून करून, म्हणजे यंत्रानं सुरात बसवून. त्या हौसा सिनेसंगीतावर हिंदी सिनेमाची दाट छाप आहे. बघा, एक धागा ओढला की कुठवर येतो!

तिथलीच ‘ले फी दे इलिगदाद’ ही बायकांची मंडळी. तिंदे हे तुआरेग, म्हणजे सहारातल्या भटक्या जमातीच्या, बायकांचं वाद्य. धान्य कांडायचं उखळ घेतात, त्यावर बकरीचं ओलं कातडं ताणून बसवतात, झाला ढोल. गिटार हे तिथे पुरुषांचं वाद्य मानलं जायचं आणि पुरुषांनी ते मुळात या तिंदेच्याच ठेक्यावर बसवलं होतं. फातू सेदी घालीनं गिटार हातात घेतली आणि तिंदेच्या शेजारी बसली. जात्यावरच्या ओव्यांचं मोल जाणणाऱ्या माणसाला उखळातून निघालेला हा ठेका लगेच जवळचा वाटेल. टाळ्या ऐका, त्यांत सम शोधायला जाऊ नका. मला स्वतःला त्या टाळ्या अंगात मुरायला महिना लागला.

आता रोजच्या कामाचं. एखादी रेकॉर्ड आवडली की तिची श्रेयनामावली वाचा. डिस्कॉग्स या साइटवर ती बहुतेक वेळा मिळते. गायकाचं नाव तर सगळ्यांना कळतंच. तुम्ही बासवादक, संयोजक, स्टुडिओचं गाव आणि कंपनी एवढं वहीत लिहा. मग प्रत्येक नावावरून फक्त एकच पाऊल पुढे जा. माझ्या वहीचं एक पान ‘१९६५, इस्तंबूल’ असं सुरू होतं. त्या वर्षी तिथल्या एका वर्तमानपत्रानं ‘सोनेरी मायक्रोफोन’ नावाची स्पर्धा काढली. तुर्की गाणं पाश्चात्त्य वाद्यांवर सादर करायचं, एवढीच अट. त्या एका अटीतून अनातोलियन रॉकला, म्हणजे तुर्की लोकसंगीत मिसळलेल्या रॉकला, बळ मिळालं. त्याच पानावर पुढे मोगोल्लार, मग एर्किन कोराय आणि त्याची विजेवर चालणारी बागलामा (हे तुर्की तंतुवाद्य), मग सेल्दा बाजान. तिथवर यायला मला पाच संध्याकाळी लागल्या. पेरू देशातल्या ‘चिचा’ नावाच्या संगीताचं पानही तसंच: कोलंबियाचा कुंबिया ठेका, अँडीजच्या डोंगरातल्या चाली आणि अ‍ॅमेझॉनच्या तेलगावांत पोचलेल्या इलेक्ट्रिक गिटारी. ‘लॉस मिर्लोस’पासून सुरू करा, बाकीचे आपोआप भेटतील.

रेडिओ सोडू नका. रेडिओ गार्डन या साइटवर पृथ्वीचा गोल फिरवून कुठल्याही गावचं स्टेशन लावता येतं. युक्ती वेळेची आहे. अदिस आणि झांझिबार आपल्या अडीच तास मागे, म्हणजे आपल्या रात्री साडेअकराला तिथे नऊ वाजलेले असतात. स्टेशनं दुपारी सगळीकडे सारखीच वाटतात, रात्री नऊनंतर आपल्या माणसांसाठी वाजवायला लागतात. आणि एखादा कलावंत आवडला तर बॅण्डकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर त्याची रेकॉर्ड विकत घ्या. अ‍ॅपवर शंभरदा ऐकून त्याला जे मिळेल त्याहून कितीतरी जास्त त्या एका खरेदीतून मिळतं. प्रत्यक्ष ऐकायची संधी हवी असेल तर शरद पौर्णिमेच्या सुमारास जोधपूरच्या मेहरानगडावर होणारा रिफ महोत्सव गाठा. लंगा-मांगणियार या राजस्थानी लोकगायकांच्या शेजारी परदेशी वादक बसलेले तिथे ऐकायला मिळतात.

योगवर्गात लावतात तसलं आणि खरं मिसळलेलं, यांतला फरक ओळखायची माझी कसोटी अशी: दोघांनाही काही बदलावं लागलं का? १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या भारतीय वादकांबरोबरच्या बॅण्डसाठी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिननं खास गिटार बनवून घेतली. पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून मींड घेता यावी. शिवाय तरफेसारख्या सात तारा आडव्या लावलेल्या. समोर तबल्यावर झाकिरभाई आणि घटमवर विक्कू विनायकराम बसलेत म्हटल्यावर त्यानं आपलं वाद्यच बदललं. याउलट तयार बीटवर वरून बासरीचा तुकडा सोडला की कोणाचंच काही बदलत नाही. बीट काढून टाकला तरी बासरीला पत्ता लागत नाही. पाच मिनिटं ऐका आणि स्वतःला विचारा: यातला एक जण उठून गेला तर दुसऱ्याचं वाजवणं अडेल का? अडत असेल तर थांबून ऐका.

राहिला भाषेचा प्रश्न. कुमारजींचं निर्गुणी भजन किंवा एखादा तराणा ऐकताना पहिल्या खेपेला प्रत्येक शब्द कळत होता का? तुम्ही आवाजाला धरून ऐकलंत, अर्थ मागून आला. इथेही तसंच करा. पहिल्या तीन वेळा अर्थ शोधू नका. चौथ्यांदा एकच शब्द शोधा, बहुधा तो ध्रुवपदातच असतो. तिझिता या शब्दाचा अर्थ आठवण, मागे राहिलेल्याची ओढ. तुआरेग गाण्यांत ‘असूफ’ वारंवार येतो, त्यातही एकटेपण आणि घराची हुरहूर आहे. तो एक शब्द हातात आला की बाकीचं गाणं त्याच्याभोवती उभं राहतं.

आणि घाई करू नका. आठवड्याला एकच रेकॉर्ड घ्या, पण ती तीनदा ऐका: एकदा काम करताना, एकदा रात्री दिवा मालवून, आणि एकदा कोणाला तरी शेजारी बसवून. तिसऱ्या वेळी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे लक्ष असू द्या. आपल्या कानातून निसटलेली जागा बऱ्याचदा तिथे दिसते. मला त्या आजोबांच्या चेहऱ्यावर दिसली होती.